ठरलेल्या हार्डवेअरच्या उपकरणात ड्रायव्हर कर्नलमध्येच कंपाइल करावेत की मॉड्यूल म्हणून ठेवावेत?

वीजवाचक
नमस्कार. आम्ही कारखान्यांतील वीज मीटर वाचून त्यांची नोंद सर्व्हरकडे पाठवणारे एक छोटे उपकरण तयार करत आहोत. ६४-बिट एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर ईएमएमसी (बोर्डवरची कायम साठवणीची चिप), एक इथरनेट, मीटर जोडण्यासाठी दोन आरएस-४८५ पोर्ट आणि यूएसबीवर बसणारे ४जी मोडेम, एवढेच हार्डवेअर आहे. त्यावर लिनक्स चालते आणि त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आम्ही स्वतःच कंपाइल करतो.

माझे मत असे आहे की हार्डवेअर आधीच ठरलेले असताना मॉड्यूल, म्हणजे कर्नल चालू असताना वेगळ्या फाइलीतून चढवायचे ड्रायव्हर, ठेवण्याचे काही कारण उरत नाही. सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच घ्यावेत आणि मॉड्यूलची सोय मेन्यूकॉन्फिगमधून (कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूतून) पूर्ण बंद करावी. त्यामुळे इनिट्रॅमएफएस (डिस्क उघडण्याआधी मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टीम) लागत नाही, फील्डवर पाठवायची कर्नलची फाइल एकच राहते, आणि बाहेरचा कोड कर्नलमध्ये शिरण्याची एक वाट बंद होते. माझे सहकारी नेमके उलट म्हणतात. त्यांच्या मते रूट फाइल सिस्टीमपर्यंत, म्हणजे डिस्कवरील मुख्य फाइल सिस्टीमपर्यंत, पोहोचण्यापुरते ड्रायव्हर आत असावेत आणि बाकी सगळे मॉड्यूल असावे. ज्यांनी अशी उपकरणे प्रत्यक्ष चालवली आहेत, त्यांचा अनुभव जाणून घ्यायला आवडेल.

रात्रपाळी
रूटपर्यंतच्या वाटेबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. ईएमएमसी कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि एक्स्ट-४ या फाइल सिस्टीमचा कोड हे दोन्ही मॉड्यूल केले आणि इनिट्रॅमएफएस दिले नाही, तर जे मॉड्यूल डिस्क उघडण्यासाठी हवे तेच त्या न उघडलेल्या डिस्कवर पडून राहते, आणि पडद्यावर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ ही ओळ दिसून कर्नल पॅनिक होते, म्हणजे तिथेच थांबते. कंसातल्या त्या दोन शून्यांचा अर्थ असा की ज्यावर रूट शोधायचे ते ब्लॉक उपकरणच कर्नलला सापडलेले नाही. शून्यांच्या जागी खरे आकडे दिसले, तर उपकरण सापडले आहे पण फाइल सिस्टीम ओळखता आली नाही, असा अंदाज बांधता येतो. हा फरक ठाऊक असला की बराच वेळ वाचतो.

सह्यवारा
मॉड्यूलची सोय कोणाच्या गरजेतून रुजली, ते आधी पाहू. १९९५ च्या १.२ आवृत्तीपासून लिनक्समध्ये मॉड्यूल वापरता येतात. डेबियन, उबुंटू यांसारखी वितरणे तयार करणाऱ्यांना आपले कर्नल कोणत्या यंत्रावर चालणार हे ठाऊक नसते, त्यामुळे त्यांना हजारो ड्रायव्हर सोबत द्यावे लागतात, आणि ते सगळे मेमरीत ठेवणे शक्य नसते. उपकरण सापडले की कर्नल त्याच्या उत्पादक आणि उत्पादन क्रमांकांपासून बनलेली एक ओळख यूडेव्ह या उपकरणे सांभाळणाऱ्या सेवेकडे पाठवते, यूडेव्ह ती मॉडप्रोब या मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या हाती देते, मॉडप्रोब ती ‘मॉड्यूल्स.अलायस’ या फाइलीत शोधते, आणि सापडलेल्या मॉड्यूलला आणखी कोणती मॉड्यूल लागतात ते ‘मॉड्यूल्स.डेप’मध्ये पाहून योग्य क्रमाने सगळी चढवते. एवढी सगळी साखळी अनोळखी हार्डवेअरसाठी उभी केलेली आहे. वीजवाचक यांचे हार्डवेअर ओळखीचे आहे, म्हणून तत्त्वतः मी त्यांच्या बाजूने आहे.

वितरणांतही एकमत नाही, हे जाता जाता सांगतो. डेबियन एक्स्ट-४ मॉड्यूल म्हणून ठेवते आणि इनिट्रॅमएफएसवर विसंबते, तर त्याच डेबियनवर उभे असलेले उबुंटू ते कर्नलमध्येच घेते.

चिकूवाडी
आमच्याकडे एका ज्येष्ठांचे मत आहे की जे मॉड्यूल काढता येत नाही ते कर्नलातच असावे, आणि जे काढता येते ते तरी ठेवावेच कशाला. त्यांच्या लॅपटॉपला अजून वायफाय नाही.

टर्मिनलवाला
‘कर्नलमध्ये घेतलेला ड्रायव्हर वेगाने चालतो’ हा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही, पण तो निघणारच आहे, म्हणून आधीच लिहितो. मॉड्यूल एकदा चढले की तो कर्नलचाच कोड असतो. तो त्याच अधिकाराने आणि त्याच पत्त्यांच्या जागेत चालतो. सूक्ष्म फरक जरूर आहे. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर मूळ कर्नलचा कोड मेमरीच्या २ एमबीच्या मोठ्या पानांवर (तुकड्यांवर) बसवलेला असतो, तर मॉड्यूल साधारणपणे ४ केबीच्या पानांवर बसते, त्यामुळे टीएलबीवर (प्रोसेसरमधील, पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या साठ्यावर) थोडा अधिक ताण येतो. शिवाय मॉड्यूलचा प्रत्येक भाग पूर्ण पानाच्या मापात वाढवला जात असल्यामुळे थोडी मेमरी वाया जाते. वीज मीटर ९६०० बॉडने वाचणाऱ्या उपकरणाला यातले काहीही जाणवणार नाही. या निकषावर निर्णय घेऊ नये.

बूटचा वेळ हा मात्र खरा निकष आहे, आणि तिथे उत्तर अनेकांच्या अपेक्षेच्या उलट येते. आत घेतलेले बहुतेक ड्रायव्हर त्यांच्या ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक सुरू होतात, आणि एखादा ड्रायव्हर हार्डवेअरच्या उत्तरासाठी थांबला तर मागचे सगळे थांबतात. तोच ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर रूट माउंट होऊन तुमचा मुख्य प्रोग्राम सुरूही झालेला असतो आणि ते मॉड्यूल मागाहून आपल्या वेळाने चढते. कर्नलच्या कमांड लाइनवर (सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांच्या ओळीत) ‘इनिटकॉल_डीबग’ लिहा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) प्रत्येक ड्रायव्हरने किती मायक्रोसेकंद घेतले ते पाहा. त्या यादीत वर कोण येते, यावर वाद घालावा.

वीजवाचक
टर्मिनलवाला, इनिटकॉल_डीबगची सूचना उपयोगी आहे, उद्याच पाहतो. माझा सगळ्यात मोठा मुद्दा मात्र वेगाचा नसून जुळणीचा आहे. कर्नल एका पार्टिशनवर आणि मॉड्यूल रूट फाइल सिस्टीमवर असली, आणि अपडेट मध्येच तुटून एक नवे व एक जुने राहिले, तर आवृत्ती न जुळल्यामुळे मॉडप्रोब हात वर करते. मोडेमचाच ड्रायव्हर चढला नाही तर ते उपकरण दुरून दुरुस्त करण्याचा मार्गच उरत नाही. मग माणूस पाठवावा लागतो, आणि आमची काही उपकरणे चंद्रपूरपलीकडे बसणार आहेत.

जुनी_जाणती
वीजवाचक यांची भीती रास्त आहे, परंतु त्यावरचा उपाय मॉड्यूल टाळणे हा नाही. कर्नलची फाइल वेगळ्या पार्टिशनवर ठेवण्याऐवजी रूट फाइल सिस्टीमच्याच बूट डिरेक्टरीत ठेवावी, अशा दोन रूट पार्टिशन कराव्यात, अपडेट नेहमी निष्क्रिय असलेल्या पार्टिशनवर लिहावे, आणि ते पूर्ण तपासून झाल्यावरच बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) तिकडे वळवावे. मग कर्नल आणि मॉड्यूल एकत्रच येतात आणि एकत्रच जातात. हे तुम्हाला मॉड्यूल नसली तरी करावेच लागेल, कारण तुटलेले अपडेट तुमच्या एकुलत्या एक कर्नल फाइललाही सोडणार नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. मॉड्यूलची सोय बंद केली की कर्नल अभेद्य होते, असे कोणी समजू नये. ज्याच्या हाती रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वोच्च वापरकर्त्याचे, अधिकार आले, तो डिस्कवर नवे कर्नल लिहून यंत्र पुन्हा सुरू करू शकतो. बूटलोडर कर्नलची डिजिटल सही तपासत नसेल तर तुम्ही खिडकी लावून दार उघडे ठेवले आहे. उलट बूटलोडर सही तपासत असेल, तर कर्नलला मॉड्यूलच्या सह्याही तपासता येतात. ही सोय २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून आहे. याखेरीज ‘कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ नावाचे एक सेटिंग आहे. हवी ती मॉड्यूल चढवून झाल्यावर त्यात १ लिहिले की त्यानंतर कोणतेही मॉड्यूल चढत नाही आणि उतरतही नाही, आणि पुन्हा बूट केल्याशिवाय ते सेटिंग रूटलाही मागे घेता येत नाही. तुम्हाला हवे असलेले बहुतेक संरक्षण यात मिळते.

सह्यवारा
सुरक्षेच्या बाबतीत मॉड्यूलच्या विरोधात एक खरा मुद्दा आहे, तो जुनी_जाणती यांच्या प्रतिसादात राहिला. मागणी येताच आपोआप चढणे, ही जी सोय आपण कौतुकाने सांगतो, तीच हल्लेखोरालाही उपयोगी पडते. डीसीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल क्वचितच कोणी वापरत असे, पण अनेक वितरणांमध्ये तो मॉड्यूल म्हणून पडून होता, आणि साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामने त्या प्रकारचे सॉकेट मागितले की मॉड्यूल निमूटपणे चढत असे. २०१७ मध्ये त्यात मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष उघड झाला, आणि तो वापरून साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. ज्यांनी आयुष्यात डीसीसीपीचे नाव ऐकले नव्हते, त्यांचीही यंत्रे त्यामुळे धोक्यात आली.

जुनी_जाणती
मान्य आहे, पण तुमच्याच उदाहरणाचा निष्कर्ष वेगळा निघतो. डीसीसीपी आत कंपाइल केलेले असते तर धोका तेवढाच राहिला असता, किंबहुना वाढला असता, कारण मॉड्यूल होते म्हणून अनेकांना मॉडप्रोबच्या कॉन्फिग फाइलीत एक ओळ लिहून त्याच दिवशी ते बंद ठेवता आले. मेन्यूकॉन्फिगमध्ये पर्याय तीन असतात, आणि या धाग्यावर आतापर्यंत आपण ‘वाय’ (आत) आणि ‘एम’ (मॉड्यूल) यांच्यावरच भांडत आहोत. डीसीसीपीचे खरे उत्तर ‘एन’ (मुळीच नको) होते. वीजवाचक यांनी सध्याच्या कॉन्फिगमध्ये किती अनावश्यक गोष्टी चालू आहेत ते आधी पाहावे. बोर्ड विकणाऱ्याने दिलेली कॉन्फिग फाइल घेतली असेल, तर तीत कॅमेरा, आवाज, टीव्ही ट्यूनर आणि जॉयस्टिकसुद्धा सापडतील.

वीजवाचक
जॉयस्टिक खरोखरच आहे.

बिनपाण्याचा_नळ
मीटरचे आकडे वरखाली करायला उपयोगी पडेल.

रात्रपाळी
काटछाट करायची असेल तर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरून पाहा. सध्या चढलेली मॉड्यूल पाहून ते बाकीची मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकते. त्याचेच भावंड ‘लोकलयेसकॉन्फिग’ हे चढलेल्या मॉड्यूलना थेट कर्नलमध्ये घेते. एकच काळजी घ्या, ती आज्ञा देताना जे उपकरण जोडलेले नसेल त्याचा ड्रायव्हरही छाटला जातो. मोडेम, यूएसबी-सीरियल केबल, पेनड्राइव्ह, जे जे कधीकाळी लागेल ते सगळे एकदा जोडा आणि मगच आज्ञा द्या.

पेनड्राइव्हवरून आठवले, मॉड्यूलचा एक त्रास घरच्या संगणकावर आर्च हे वितरण वापरणाऱ्यांना नक्की ठाऊक असेल. कर्नल अपडेट झाले की जुन्या आवृत्तीच्या मॉड्यूलांची डिरेक्टरी काढून टाकली जाते, पण चालू असलेले कर्नल जुनेच असते. मग पेनड्राइव्ह लावला की व्हीफॅटचे (पेनड्राइव्हवरच्या फाइल सिस्टीमचे) मॉड्यूल त्या डिरेक्टरीत सापडत नाही आणि पेनड्राइव्ह उघडत नाही. नवे लोक पेनड्राइव्हला दोष देतात. रीबूट केले की सगळे सुरळीत होते.

कोकणकडा२
मी एम्बेडेडचा अभ्यासक्रम करत आहे. आम्हाला ड्रायव्हर लिहायला शिकवताना प्रत्येक वेळी मॉड्यूलच करायला सांगतात. मग उत्पादनात तोच ड्रायव्हर आत घेताना कोडमध्ये काही बदलावे लागते का?

टर्मिनलवाला
कोकणकडा, नीट लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये एक अक्षरही बदलावे लागत नाही. ‘मॉड्यूल_इनिट’ हा मॅक्रो मॉड्यूल करताना चढण्याच्या वेळी चालणारे फंक्शन ठरवतो, आणि आत घेताना तेच फंक्शन बूटच्या वेळी उपकरणांच्या टप्प्यावर चालणाऱ्या यादीत जाते. आत घेतलेला ड्रायव्हर कधी उतरवला जात नाही, म्हणून त्याचा ‘एक्झिट’चा भाग टाकूनच दिला जातो. शिकताना मॉड्यूल करण्याचे कारण सोपे आहे. चूक सुधारून आरएममॉडने मॉड्यूल उतरवले आणि इन्समॉडने पुन्हा चढवले की पुन्हा चाचणी घेता येते, कर्नल कंपाइल करून बोर्ड पुन्हा सुरू करत बसावे लागत नाही. अर्थात तुमच्या कोडमधील चुकीने कर्नलची मेमरीच बिघडली असेल तर आरएममॉडने काही साधत नाही, तेव्हा रीबूटच बरा.

क्रमाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मॉड्यूल असताना तुमचा ड्रायव्हर उशिरा चढतो, त्यामुळे ज्या क्लॉकवर किंवा वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरवर तो अवलंबून असतो ते आधीच तयार असतात. आत घेतल्यावर तो त्यांच्याही आधी सुरू होऊ शकतो. त्यासाठी २०१२ पासून ‘ईप्रोब_डिफर’ आहे. आवश्यक वस्तू अजून तयार नसेल तर ड्रायव्हरने ही त्रुटी परत करायची, म्हणजे कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावते. मॉड्यूल म्हणून उत्तम चालणारे पण आत घेताच रुसणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत, आणि त्यांत बहुधा हेच राहून गेलेले असते.

खारवा
फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा, विषय कोणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आत घेतला की तो रूट माउंट होण्यापूर्वीच जागा होतो आणि डिस्कवरची फर्मवेअर फाइल मागतो. डिस्क अजून उघडलेली नसते, म्हणून डीमेसेजमध्ये ‘फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ येते आणि उपकरण मुके राहते. फाइल तर डिस्कवर डोळ्यांसमोर दिसत असते, त्यामुळे माणूस चक्रावून जातो. उपाय दोन आहेत, फर्मवेअर इनिट्रॅमएफएसमध्ये घालणे किंवा ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’ या पर्यायाने ते कर्नलमध्येच चिकटवणे. मला तिसरा आवडतो, तो म्हणजे असा ड्रायव्हर मुकाट्याने मॉड्यूल करणे.

वीजवाचक
खारवा, आमच्याकडे वायफाय नाही आणि मोडेमचे फर्मवेअर त्याच्या आतच असते, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला येणार नाही.

सध्या तरी माझे मत फारसे बदललेले नाही. हार्डवेअर ठरलेले असेल तर आत घ्यावे, या नियमाला अपवाद कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे.

सागरमाथा
अपवाद तुमच्या खिशात आहे. मोबाइलचे हार्डवेअर तुमच्या बोर्डाइतकेच ठरलेले असते, त्यात मालक काहीही बदलू शकत नाही. तरीही अँड्रॉइडने नेमकी उलटी दिशा धरली. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० आवृत्तीच्या कर्नलसह येणाऱ्या नव्या फोनमध्ये गूगलने तयार केलेले समाईक कर्नल असते आणि चिप बनवणाऱ्याचे व फोन बनवणाऱ्याचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलांत येतात. त्या मॉड्यूलांनी कर्नलमधील कोणती फंक्शन वापरायची याची यादी ठरलेली असते आणि त्या शाखेपुरती ती स्थिर ठेवली जाते. कारण असे की पूर्वी प्रत्येक उत्पादक कर्नल घेऊन त्यात स्वतःचे बदल करत असे, आणि सुरक्षेची एक दुरुस्ती शेवटच्या फोनपर्यंत पोहोचायला फार काळ लागत असे. कर्नल कंपाइल करणारा एक आणि ड्रायव्हर लिहिणारा दुसरा, अशी स्थिती असली की मॉड्यूल ही दोघांमधली सीमारेषा होते. हार्डवेअर बदलते की नाही, हा तिथे प्रश्नच नसतो.

वीजवाचक
हे उदाहरण मी अशा दृष्टीने पाहिले नव्हते. परंतु आमच्याकडे दोन्ही कामे आम्हीच करतो, त्यामुळे ती सीमारेषा आमच्यात पडत नाही.

सागरमाथा
आज पडत नाही. मोडेमचा पुरवठादार दोन वर्षांनी ते मॉडेल बंद करील आणि नवे देईल, तेव्हा पाहा. तुमच्या बोर्डावर सोल्डर केलेले नाही असे एकच हार्डवेअर आहे, आणि ते मोडेम आहे.

खारवा
सागरमाथा यांना अर्धा दुजोरा देतो. नव्या मोडेमचा यूएसबी क्रमांक जुन्या ड्रायव्हरच्या यादीत नसतो, हे नेहमीचेच आहे. पण तेवढ्यासाठी मॉड्यूल लागत नाही. ड्रायव्हर आत असला तरी सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात मांडते तिथे) त्याची ‘न्यू_आयडी’ नावाची फाइल असते. तीत उत्पादक आणि उत्पादन क्रमांक लिहिले की ड्रायव्हर ते उपकरण लगेच स्वीकारतो. अडकलेले मोडेम झटकायला आरएममॉड हवे, हाही असाच समज आहे, कारण ‘अनबाइंड’ आणि ‘बाइंड’ फाइलींनी ते कर्नलमधल्या ड्रायव्हरलाही करता येते. मात्र नवे मोडेम एखाद्या वेगळ्याच प्रकारच्या ड्रायव्हरने चालणारे निघाले, म्हणजे मोडेमशी बोलण्याची पद्धत आज क्यूएमआय आणि उद्या एमबीआयएम, तर सागरमाथांचे म्हणणे पूर्ण खरे ठरते.

जुनी_जाणती
ज्यांना आत घ्यायचेच आहे त्यांच्यासाठी व्यवहारातली एक सूचना. आत घेतलेल्या ड्रायव्हरला मॉडप्रोबच्या कॉन्फिग फाइली लागू होत नाहीत, कारण तिथे मॉडप्रोब मध्ये येतच नाही. त्या फाइलीत लिहिलेले पॅरामीटर आणि काळी यादी, दोन्ही निरुपयोगी ठरतात, आणि एलएसमॉडच्या, म्हणजे चढलेल्या मॉड्यूलांच्या, यादीत तो ड्रायव्हर दिसतही नाही. काय काय आत आहे ते ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ या फाइलीत पाहावे. पॅरामीटर कर्नलच्या कमांड लाइनवर ड्रायव्हरचे नाव, टिंब आणि पॅरामीटर अशा रूपात द्यावेत. मॉडप्रोबही कमांड लाइन वाचते, त्यामुळे तिथे लिहिलेले दोन्ही स्थितींत चालते. पुढे मत बदलले तरी काही हलवावे लागत नाही.

वीजवाचक
इनिटकॉल_डीबग चालवून पाहिले. यादीत सर्वांत वर यूएसबीचा भाग आहे. तो नसता तर मीटर वाचणारा प्रोग्राम बराच आधी सुरू झाला असता, आणि त्या प्रोग्रामला पहिल्या क्षणी मोडेमची गरजही नसते, तो आधी स्थानिक नोंद करतो. म्हणून आता असे ठरवत आहोत. ईएमएमसी, एक्स्ट-४, सीरियल आणि इथरनेट आत. यूएसबी आणि मोडेमचे ड्रायव्हर सही केलेली मॉड्यूल. आवाज, कॅमेरा आणि ती जॉयस्टिक ‘एन’. कर्नल रूटच्याच बूट डिरेक्टरीत. यात काही सुटले आहे का?

रात्रपाळी
वॉचडॉग, म्हणजे ठरलेल्या वेळेत संकेत न मिळाल्यास बोर्ड रीसेट करणारा टायमर, सुटला आहे. तुमचा बूटलोडर वॉचडॉग चालू करून कर्नलकडे सोपवत असेल तर त्याचा ड्रायव्हर आतच हवा. तो आत असला की तुमचा प्रोग्राम ताबा घेईपर्यंत कर्नल स्वतः वॉचडॉगला थोपटत राहू शकते. मॉड्यूल असेल आणि एखाद्या दिवशी फाइल सिस्टीमची तपासणी लांबली, तर मॉड्यूल चढण्यापूर्वीच वेळ संपून बोर्ड रीसेट होईल, पुन्हा तीच तपासणी सुरू होईल आणि पुन्हा रीसेट.

टर्मिनलवाला
आणि इथरनेट आत घेताना फाय चिपचा (केबलवर प्रत्यक्ष सिग्नल पाठवणाऱ्या चिपचा) ड्रायव्हरही आत घ्या. मेन्यूकॉन्फिगमध्ये तो वेगळ्या ठिकाणी असतो आणि इथरनेट ‘वाय’ केल्याने तो आपोआप ‘वाय’ होत नाही. तो मॉड्यूल राहिला, तर इथरनेटचा ड्रायव्हर रूट माउंट होण्याआधीच त्याला शोधतो, सापडला नाही की ‘जेनेरिक फाय’वर समाधान मानतो, आणि मागाहून खरा ड्रायव्हर चढला तरी आपणहून बदलत नाही. लिंक लागते, दिवेही लागतात, पण चिपसाठी आवश्यक असलेली सिग्नलच्या विलंबाची जुळणी न झाल्यामुळे काही बोर्डांवर पॅकेट गळतात आणि काहींवर एकही पॅकेट जात नाही. डीमेसेजमध्ये इथरनेटच्या ओळीत चिपचे नाव येते की ‘जेनेरिक फाय’ येते, तेवढे पाहून इथे लिहा.